तीन बोटं केस

दर रविवारी संध्याकाळी सहाला जनीनचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "डॅड, पर्लला दाखव." मग लॉइड पेंगली फोन कुत्रीच्या तोंडासमोर धरायचा आणि स्वतः बाजूला सरकायचा. होबार्टहून लेक कुत्रीशी लाडं लाडं बोलायची, कुत्री मान वाकडी करून ऐकायची आणि म्हातारा फोन धरून हात अवघडवून घ्यायचा. शेवटी, "तू बरा आहेस ना?" "मी बरा आहे." "चल, पुढच्या रविवारी." एवढंच. पण त्या एवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

पर्ल सॅमॉयेड जातीची होती, पांढरीशुभ्र, मूळची बर्फाच्या मुलखातली. असली कुत्री ऑस्ट्रेलियातल्या टेरिंगासारख्या गावात ठेवायची, जिथे जानेवारीत नळाचं थंड पाणीसुद्धा चटका देतं, हा शहाणपणा जनीनचाच. ॲडलेडला असताना तिने हौसेने पिल्लू घेतलं. मग समुद्रापलीकडे टास्मानिया बेटावर, होबार्टला, सॅमन माशांच्या कंपनीत नोकरी लागली, भाड्याच्या खोलीत कुत्रा चालत नव्हता, म्हणून "सहा महिने सांभाळ" म्हणून बापाकडे सोडलं. त्या सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. लॉइडने कधी आठवण करून दिली नाही. कशाला करील?

ईस्टरच्या तीन आठवडे आधी फोन आला तेव्हा जनीनच्या आवाजात वेगळीच उभारी होती.

"डॅड, घर मिळालं मला. मागे अंगण आहे, पक्कं कुंपण आहे. ईस्टरनंतरच्या मंगळवारी येतेय, पर्लला न्यायला. गाडी बोटीवर चढवून आणणार."

"बरं झालं," लॉइड म्हणाला.

"आणि तिचं सामान मागवायला बसलेय. इथे लिहिलंय, फणीचे दाते केसांच्या लांबीप्रमाणे घ्यायचे. नाहीतर वरवर फिरते आणि आत गुंता तसाच राहतो. किती आहेत तिचे केस? मोजून सांग."

"चार बोटं."

"न मोजताच?"

"चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या मी. मला मोजावं लागत नाही."

हे शेवटचं मात्र खरं होतं. लोकर किती बोटं आहे हे तो कुंपणापलीकडून सांगायचा. म्हणूनच पर्लच्या अंगावर दीड बोट केस आहेत, तेही नुसती आतली लव, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

कारण जानेवारीत त्यानेच तिला कातरली होती.

त्या भागात एक जुना प्रघात आहे. लोकर कातरायच्या शेडमधली शेवटची मेंढी कातरून झाली, बियर उघडली की कुत्र्यांची पाळी लागते. ज्याचा कुत्रा केसाळ असेल त्याने तो कातरायच्या फळीवर आणायचा आणि कातरणाऱ्यांनी हसत खिदळत त्याला उन्हाळ्यासाठी मोकळा करायचा. वॉटल फ्लॅटच्या शेडमध्ये त्या दिवशी कामाचा शेवट होता. नऊ वर्षं हातात मशीन न धरलेला लॉइड नुसता बियर प्यायला आणि जुनी तोंडं बघायला गेला होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री होते, गाडीखालच्या सावलीत पर्ल धापा टाकत होती आणि त्याला तिची कणव आली. कणव खरी होती. पण कुणीतरी म्हणालं, "पेंगली, हात चालतात का रे अजून?" मग कणवेत थोडा तोराही मिसळला. त्याने तिला पायांत धरली आणि सहा मिनिटांत, एका तुकड्यात, अंगावरचं सगळं उतरवलं. कुठे ओरखडा नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तोंडावरचे केस तेवढे ठेवले, कारण तोंड कातरायचं नसतं. पुढे त्या तोंडानेच त्याची लाज राखली.

मेंढी कातरली की वर्षात जशीच्या तशी भरते. पर्ल भरेना. आतली मऊ लव भराभर वाढली, पण वरचे लांब, चमकदार केस आलेच नाहीत. फेब्रुवारीत ती जुन्या घोंगडीसारखी दिसायला लागली, मार्चमध्ये पाठीवर दोन ठिकाणी कातडी दिसू लागली. कातरल्या दिवसापासून लॉइड फोन तोंडाच्या इतका जवळ धरायचा की जनीन एकदा म्हणाली, "डॅड, मला तिचं नाकच दिसतंय." झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मार्लीनच्या दुकानात गेला. टेरिंगात दाणा, वैरण, खिळे, कोंबड्यांचं खाद्य, सगळं तिच्याकडेच मिळतं. मागच्या भिंतीवर कुत्र्यांच्या ब्रशांची एक फळी आहे. लॉइड त्या फळीसमोर टोपी काढून उभा राहिला. त्याचा मेंढ्या राखणारा केल्पी जातीचा कुत्रा, स्पॅनर, दारातच बसला. पर्ल गाडीत होती, काचा वर करून.

"काय हवंय?" मार्लीनने गल्ल्यावरूनच विचारलं. साठीची, रुंद खांद्यांची, समोरच्याचं पाणी जोखणारी बाई.

"ब्रश."

"कुणाला? तुला तर लागत नाही." ती त्याच्या टकलाकडे बघत पुढे आली. "स्पॅनरसाठी हा घे, रबराचा, तळहातावर चढवायचा. त्याचे केस आखूड, अंगाला चिकटलेले. दोन दिवसांनी चोळला की मेलेले केस निघतात. त्याला लोखंडी दाते लावशील तर अंग सोलून काढशील."

"स्पॅनरला कशाला हवाय ब्रश? तो धुळीतच बरा असतो."

"मग माझ्या डस्टर कुत्र्यासारखा आहे का कुणी घरात? काटेरी केसांचा? त्याचे मेलेले केस मी बोटांनी उपटते. कातरले तर रंग उडतो, काटा मऊ पडतो. की माझ्या कुरळ्या मिनीसारखा आहे? तिला हा वाकड्या तारांचा, रोजच्या रोज, पार मुळापासून. नाहीतर काखेत असा गुंता बसतो की शेवटी कात्रीच लागते." ती एकेक वस्तू त्याच्या हातात देत गेली. त्याने मुकाट्याने एकेक पुन्हा खुंटीला लावली.

"पांढऱ्या कुत्रीसाठी," तो शेवटी म्हणाला. "दुहेरी केसांची आहे ती. आणि ते तेल का काय असतं, केस वाढायला. तीन आठवड्यांत वाढतील असं."

मार्लीनने दार उघडलं, गाडीपाशी गेली, मागचं दार उघडून पर्लच्या पाठीवरून हात फिरवला. केसांच्या उलट दिशेने फिरवला, मग सरळ. परत आली तेव्हा चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"वॉटल फ्लॅटला?"

"हं."

"तुम्ही कातरणारे सगळे एका माळेचे मणी. दिसला केस की घाल मशीन. अरे, मेंढीच्या अंगावर एकच लोकर असते. हिच्या अंगावर दोन असतात, एकीच्या आत एक. वरची असते ती ऊन, पाऊस, माशा अडवायला. ती काढलीस म्हणजे तिला गार केलंस असं नाही, तिचं छप्पर उतरवलंस."

"तेल आहे का?"

"तेल नाही. असलं कुठलंच तेल नाही, आणि जो विकेल तो चोर. आता बैल गेला नि झोपा केला असं झालंय तुझं." तिने फळीवरून एक दंताळ्यासारखी फणी काढली. तिचे दाते आलटून पालटून लांब आणि आखूड होते. "ही घे. मेलेली लव काढायची, रोज, हलक्या हाताने. आतली गर्दी कमी झाली तर वरच्यांना वाट मिळते. आणि ही दुसरी, गोल टोकाच्या पिनांची, ती नंतर फिरवायची. महिन्यातून एकदाच अंघोळ, तीही साबण बेताने. बार्लीच्या गवतातून आली की पंजे तपासायचे, कुसळं शिरतात. वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल. कधीकधी येतच नाहीत."

लॉइड फणीचे दाते अंगठ्याने चाचपत राहिला.

"जनीन येतेय तिला न्यायला," तो म्हणाला.

"मग सांग तिला आधीच. ओरडेल. ओरडू दे. खाणार आहे का तुला?"

"ओरडण्याचं नाही गं." तो थांबला. मार्लीन चाळीस वर्षांच्या ओळखीची होती, आणि दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "ती फोन कुत्रीला करते. मला नाही. कुत्री गेली तर रविवारी सहाला काय वाजणार माझ्या घरात?"

मार्लीनने त्याच्या हातातली फणी काढून घेतली. जनीन लहान असताना लॉइड सोमवारी पहाटे जायचा, कधी शुक्रवारी यायचा, कधी दोन-दोन महिने क्वीन्सलंडच्या शेडमध्ये असायचा. बायको कंटाळून ॲडलेडला गेली, एका प्लंबरशी संसार मांडला आणि सुखात आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. शाळेच्या समारंभात त्या मुलीशेजारची खुर्ची कितीदा रिकामी असायची, ते मार्लीनने स्वतः पाहिलं होतं.

"तूच का नाही करत फोन?"

"करून काय बोलू?"

"ते मला काय विचारतोस," मार्लीन म्हणाली आणि दोन्ही फण्या कागदात गुंडाळू लागली.

तीन आठवडे त्याने रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून पर्लला विंचरलं. कातरताना सहा मिनिटं लागली होती, विंचरायला दीड तास लागायचा. आधी फणी एकसारखी अडकायची, पर्ल ओठ वर करून दात दाखवायची. मग त्याला कळलं की वरून ओढायचं नाही, डाव्या हाताने केस दाबून धरायचे आणि खालून वर, थोडे थोडे सोडवत जायचं. टोपलीभर लव निघाली. पर्ल जरा नीटनेटकी दिसू लागली, पण वरचे केस काही येईनात. तो मात्र रोज सकाळी चष्मा लावून तिच्या पाठीवर बघायचा, जसं कुणी पेरल्यानंतर तिसऱ्याच दिवशी शेतात जाऊन बघतं.

मंगळवारी दुपारी जनीन आली. गाडीतून उतरतानाच तिने हाका मारल्या. पर्ल धावत गेली, उड्या मारल्या, रडल्यासारखी कुंईकुंई केली. जनीनने दोन्ही हात तिच्या मानेत घातले, आणि हात मानेवरून पाठीवर आले, आणि तिथे थांबले.

"हे काय आहे?"

लॉइड पायरीवर उभा होता. जनीन चौतीस वर्षांची झाली होती, कपाळावर आईसारखी आठी पडत होती. तिला तो दोन वर्षांत पहिल्यांदा पुरती बघत होता.

"जानेवारीत फार ऊन होतं."

"तू कातरलंस? पर्लला? मेंढीसारखं?"

"तिला बरं वाटावं म्हणून."

"आणि चार बोटं म्हणालास मला! मी लांब दात्यांच्या मागवल्या, तीन फण्या, कंडिशनर, सगळं. मी विचारलं होतं तुला मोजून सांग म्हणून. खोटं का बोललास?"

"भीती वाटली," तो म्हणाला. तिला वाटलं, आपल्या रागाची. त्याने ते तसंच वाटू दिलं. कशाची भीती, ते सांगायला तोंड उघडलं होतं त्याने, पण मग तो गाडीतली तिची बॅग आणायला गेला. सगळं आयुष्य मशीनच्या घरघरीत गेलेल्या माणसाला हळू आवाजात बोलायची सवय नसते.

रात्रीच्या जेवणाला त्याने मटणाच्या चॉप्स केल्या, सोबत बटाटे आणि वाटाणे. जनीनने पुढ्यातले वाटाणे नुसते इकडेतिकडे केले. जेवण झाल्यावर मात्र तिने त्याच्या दोन्ही फण्या मागितल्या, जमिनीवर बसली आणि पर्लच्या पाठीची बोटाबोटाने तपासणी केली. तिचे हात त्याच्यासारखेच होते, रुंद, अंगठा बाहेर वळलेला. हे त्याला माहीतच नव्हतं. चौतीस वर्षांत त्याने पोरीचे हात धड बघितलेच नव्हते.

"नेता येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तिथे पाऊस आणि डोंगरावरचा वारा. वरचे केस नाहीत तर पाणी थेट कातडीपर्यंत जाईल. मी दिवसभर कामावर असते. आजारी पडायची."

"मग?"

"मग राहू दे तुझ्याकडे. वरचे केस तीन बोटं झाले की येईन. आणि डॅड, या वेळी खरं सांगायचं. दर रविवारी."

म्हणजे त्याला जे हवं होतं ते, मनापासून पश्चात्ताप झालेल्या चुकीबद्दल, बक्षीस म्हणून मिळालं. एका माणसाला आनंद आणि शरम एकाच वेळी वाटू शकते, आणि त्याची चव काही फार चांगली नसते.

ती दोन रात्री राहिली. सकाळी न्हाणीघरात तिच्या पाण्याचा आवाज यायचा, तो स्वयंपाकघरात उगाच केटली दुसऱ्यांदा चढवायचा. गुरुवारी ती निघाली तेव्हा "अजून एक दिवस राहा" असं त्याला म्हणायचं होतं. तो म्हणाला, "टायरमध्ये हवा बघून घे." गाडीच्या मागच्या बाजूला पर्लसाठी आणलेली नवीकोरी गादी होती. ती रिकामीच परत गेली.

हिवाळा आला. रोज संध्याकाळी तो मागच्या पायरीवर, मग थंडी वाढल्यावर शेगडीजवळ, पर्लला विंचरत राहिला. रविवारी जनीन विचारायची, "किती बोटं?" तो म्हणायचा, "लवच आहे अजून. वर काही नाही." जूनच्या शेवटी खांद्यावर एक केस दिसला, लांब, ताठ, टोकाला चमकणारा. लॉइडने दिव्याखाली धरून पाहिला. पहिल्यांदा आनंद झाला आणि मागोमाग दुसरा विचार आला. जितकं नीट विंचरशील तितक्या लवकर ती जाईल. दोन दिवस त्याने फणी कपाटातून काढलीच नाही. तिसऱ्या दिवशी पर्ल स्वतःच येऊन त्याच्या पायांशी आडवी झाली, आपली ठरलेली कूस वर करून, आणि वाट बघत राहिली. तिला काय ठाऊक, होबार्ट कुठे आणि तीन बोटं म्हणजे काय. त्याने फणी काढली.

"एक बोट," त्या रविवारी त्याने सांगितलं.

मार्लीनला पुढे कळलं तेव्हा ती म्हणाली, "थोडं कमी करून सांगितलं असतंस तर? मोजायला इथे कोण येतंय?"

"माझ्याही मनात आलं होतं."

"मग?"

"चार बोटं सांगून बघितलं ना एकदा," लॉइड म्हणाला आणि कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं उचलून चालू लागला.

केस मार्लीनच्या अंदाजापेक्षा लवकर भरले. ऑगस्टमध्ये दोन बोटं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्याने फोन यायच्या आधीच पर्लला उभी केली आणि पाठीवर, खांद्यावर, मांडीवर, तिन्ही ठिकाणी हात आडवा लावून पाहिला. करंगळी सोडून बाकीची तीन बोटं केसांत पूर्ण बुडाली. पाठीवरच्या त्या दोन जागा अजून जराशा विरळ होत्या, पण कातडी दिसत नव्हती. म्हणायचंच असतं तर अडीच म्हणता आलं असतं. अगदीच खोटं झालं नसतं ते.

सहाला फोन वाजला.

"डॅड, पर्लला दाखव."

त्याने फोन लांब धरला. सबंध कुत्री दिसली, शेपटीपासून कानापर्यंत.

"अरे वा," जनीन म्हणाली. मग, "किती?"

"तीन."

"पुरी?"

"पुरी तीन. तिन्ही ठिकाणी मोजलीत."

जनीनने मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "मग ऑक्टोबरात दुसऱ्या शनिवारी येते," ती म्हणाली. "तिचं सगळं तयार आहे इथे. तुझ्या त्या दोन फण्या मात्र लागतील. मी मागवलेल्या कामाच्या नाहीत."

"घेऊन जा. कसं विंचरायचं ते दाखवतो. खालून वर घ्यायचं, डाव्या हाताने दाबून."

"बरं. तू बरा आहेस ना?"

"मी बरा आहे."

"चल तर मग, पुढच्या—"

"ठेवू नकोस."

"का? काय झालं तिला?"

"तिला काही नाही." लॉइडने फोन वळवला. पडद्याच्या कोपऱ्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, टक्कल, वाढलेली दाढी, आणि वाटलं की निदान दाढी करायला हवी होती. "जनीन, ती गेल्यावर तू फोन करणार नाहीस, याची मला भीती वाटते. कातरलेलं कळलं तर तू तिला लगेच नेशील, असं जानेवारीपासून वाटत होतं. म्हणून खोटं बोललो होतो."

जनीनने फोन तोंडाजवळ आणला. इतक्या सरळ तिने त्याच्याकडे कधी बघितल्याचं त्याला आठवेना.

"मला वाटायचं, तुला बोलायला आवडत नाही," ती म्हणाली. "लहानपणी तू शेडवरून फोन करायचास, तेव्हा विचारायचास फक्त, कोंबड्यांना घातलं का. मला वाटलं, आपलं असंच असतं."

"मला येत नाही बोलायला. आवडत नाही असं नाही."

"मग काय बोलू आता?"

"काहीही बोल. आज काय केलंस?"

"आज?" तिने विचार केला. "आज वारा फार होता. चादरी वाळत घातल्या होत्या, त्या उडून शेजारच्या म्हातारीच्या कोबीवर पडल्या. मी कुंपणावरून चढले तर ती काठी घेऊन बाहेर आली, तिला वाटलं चोर आहे."

"मग?"

"मग काय, चहाला बसवलं तिने. दीड तास सोडलंच नाही."

लॉइड खुर्ची ओढून बसला. "नाव काय तिचं?" त्याने विचारलं, आणि जनीन सांगू लागली. पर्ल थोडा वेळ दोघांच्या मध्ये उभी राहिली, फोन आपल्याकडे वळेल म्हणून. मग कंटाळली, अंग झटकलं आणि दार ढकलून मागच्या अंगणात निघून गेली. दोघांपैकी कुणीच तिला हाक मारली नाही.